ताटानंतरचं जेवण

काल दुपारी ताईकडे जेवायला गेले होते. जेवणं झाली, सगळे बाहेर जाऊन पंख्याखाली बसले आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. ताई ओट्याशी उभी राहून खात होती. आत्ताच तर आमच्याबरोबर जेवली होती! पातेल्याच्या तळाचा भात, वाटीभर उरलेलं वरण, कुणीतरी ताटात टाकलेली अर्धी पोळी.

"अगं, भूक आहे का तुला अजून?"

"भूक कसली! टाकवत नाही गं."

बाहेर भाओजींचं व्याख्यान चालू होतं. रोज पहाटे टेकडीवर चालायला जाऊन त्यांनी वजन उतरवलंय. "हिला किती सांगतो, चल माझ्याबरोबर. पण हालचाल नको आणि तोंडावर ताबा नको!" पहाटे ही बरोबर गेली तर परतल्यावर त्यांच्या हातात मोड आलेले मूग कोण ठेवणार, हे ते सांगत नाहीत.

वजन कमी करायचे सगळे सल्ले ताटापाशी थांबतात. कमी वाढून घ्या, सावकाश चावा. ताईच्या ताटात मोजकंच असतं. पण अन्न पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात उरलेलं ब्रह्म एकट्या बाईच्या पोटात जातं, आणि मग तिच्या अंगावर दिसतं तेव्हा सगळे हसतात.

तेवढ्यात भाओजी आत आले. शिऱ्याची अर्धी वाटी त्यांनी ताईपुढे ठेवली.

"गोड बंद केलंय मी. एवढं संपवून टाक, वाया नको जायला."

ताईने चमचा उचलला.