युगलगीतांच्या कॅसेटवरचे अभिप्राय

आमच्या विभागात परदेशी जर्नल आलं की त्याला एक चिठ्ठी टाचलेली असायची. चिठ्ठीवर सगळ्यांची नावं ज्येष्ठतेनुसार. वाचून झालं की आपल्या नावापुढे सही करायची, वाटल्यास दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा आणि अंक पुढच्या टेबलावर सरकवायचा. लखनौच्या त्या संशोधन संस्थेत औषधी वनस्पतींवर काम करणारे आम्ही, स्टेनो आणि भांडारपाल धरून, आठजण होतो, आणि ही चिठ्ठी आमच्या अंगात इतकी मुरली होती की आमच्या स्टेनोबाईंनी हजरतगंजातून एक पॉप गाण्यांची कॅसेट आणली तेव्हा तिच्याही डबीत कुणीतरी घडी करून चिठ्ठी घातली. विभागप्रमुखांचं नाव सर्वात वर होतं, हे सांगायला नकोच.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. पॉप गायक-गायिकांचं पीक आलं होतं. ही गायिका त्यातली सगळ्यात गाजलेली, आणि हा तिचा युगलगीतांचा अल्बम. आठ गाणी, दर गाण्यात जोडीला वेगळा गायक. टीव्ही लावावा तर हीच, पानाच्या ठेल्यावर उभं राहावं तर हीच. मला त्या बाईचा राग यायचा. आठ आठ जोडीदार कशाला लागतात एका माणसाला, असं मी मनात म्हणायचो.

मी एकटा होतो, हे त्या रागाचं कारण. सांगलीहून इथे येऊन मला तिसरं वर्ष लागलं होतं. इंदिरा नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. एकीत मी राहायचो आणि दुसरी बायको-मुलगी येतील म्हणून झाडून ठेवायचो. बायको सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवत होती. मुलगी तिच्यापाशीच होती.

लखनौची माणसं चौकस, आणि चौकशी करण्यात त्यांना कमालीचा जिव्हाळा. 'भाभीजी कब आ रही हैं?' हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारायचं. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. माझं उत्तर ठरलेलं होतं, 'बस, बेटी की परीक्षा हो जाए.' मुलीच्या परीक्षा आल्या आणि गेल्या, तरी उत्तर बदललं नाही आणि त्यांनीही कधी हिशेब मांडला नाही. वैताग यायचा. पण खरं सांगतो, दिवसभरात माझ्या घराविषयी एवढंच बोलणं व्हायचं.

कॅसेट फिरायला लागली आणि दुपारच्या डब्याला दुसरा विषय उरला नाही. विभागप्रमुखांनी चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं की पहिली बाजू समाधानकारक, दुसऱ्या बाजूवर आणखी काम हवं. आमच्यातल्या सर्वात तरुण मुलीने तिसऱ्या गाण्याला दहापैकी दहा देऊन तीन उद्गारचिन्हं काढली होती. भांडारपालांनी लिहिलं, 'शोर है.' आम्ही हसलो तर ते चिडले. ते लखनौचेच, जुन्या वस्तीतले. पराठ्याचा घास हातात तसाच धरून म्हणाले, "अरे भाई, डुएट का मतलब क्या है? आपने किसी को अपने घर बुलाया है. यहाँ मैडम खुद ही गाए जा रही हैं. मेहमान दरवाज़े पर खड़ा है, पानी तक नहीं पूछा."

स्टेनोबाईंना हे झोंबलं. कॅसेट त्यांची होती. "आप पुराने ज़माने के हैं," त्या म्हणाल्या. "दोनों बराबर गा रहे हैं. एक लाइन उसकी, एक लाइन इसकी. और क्या चाहिए?" मग युगलगीत म्हणजे पाळीपाळीने गाणं की बरोबर गाणं, यावर अर्धा तास गेला. त्या दिवशी एकाचीही परीक्षानळी वेळेवर धुतली गेली नाही.

माझा नंबर शेवटून दुसरा. शनिवारी कॅसेट माझ्याकडे आली. रविवारी सकाळी केर काढून, कपडे वाळत घालून मी टू-इन-वनवर ती लावली आणि ऐकता ऐकता डबीतल्या कागदावरचं बारीक छापलेलं वाचायला घेतलं. एकटा माणूस काय वाटेल ते वाचतो. त्यात दिलं होतं की गायिकेचा आवाज मुंबईत घेतला आणि काही जोडीदारांचे परदेशात, नंतर ते एकत्र केले. म्हणजे ही मंडळी एकमेकांना भेटलीही नसतील. मी कॅसेट उलटी करून पुन्हा ऐकली. आता तर स्पष्ट कळत होतं. एकजण थांबतो, दुसरा सुरू करतो, पण थांबलेला माणूस ऐकत नसतो.

समोरची झाडलेली खोली दिसत होती. मी पेन घेतलं आणि चिठ्ठीवर माझ्या नावापुढे मराठीत लिहिलं: 'गाणी बरी. पण दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत. आमचंही तसंच आहे. बायको लखनौला येणार नाही. मला दिवाळीपासून माहीत आहे, इथे सांगवत नाही.'

विभागात मराठी मी एकटाच. सांगलीत कुणी तमिळमध्ये लिहिलं असतं तर जितकं कळलं असतं, तितकंच यांना हे कळेल, असा माझा हिशेब होता. आमची आणि त्यांची लिपी एकच आहे, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. दोन-अडीच वर्षं त्याच लिपीत मी दुकानांच्या पाट्या वाचत होतो! आपली भाषा म्हणजे आपली बंद खोली, असं परमुलखात राहणाऱ्याला वाटायला लागतं, त्यातला हा प्रकार. सोमवारी कॅसेट पुढे दिली आणि विसरून गेलो.

त्या आठवड्यात 'भाभीजी कब आ रही हैं' कुणी विचारलं नाही. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी चुकल्या-चुकल्यासारखं झालं. भांडारपालांकडे काचेची भांडी घ्यायला गेलो तर एरवी ती भांडी देता देता घरची सगळी चौकशी करणारा तो माणूस नुसता म्हणाला, "चाय पिएँगे?" स्टेनोबाईंनी डब्यातून माझ्यासाठी वेगळी भाजी आणली. कानपूरहून आलेल्या एका पाहुण्याने जेवताना मला विचारलं, "फ़ैमिली यहीं है?" तर मी तोंड उघडायच्या आत विभागप्रमुखांनी त्याला आंबे कुठून घेतले ते विचारलं. हिवाळा होता. आंबे कुठले?

मग मी स्टेनोबाईंच्या टेबलावरून कॅसेट मागून घेतली. त्यांनी ती दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. चिठ्ठीवर माझ्या ओळींखाली पेन्सिलीने लिहून खोडरबराने खोडलं होतं. कागद उजेडात धरल्यावर दिसत होतं. 'बायको'खाली 'बीवी?' आणि 'माहीत'खाली 'मालूम'. दोन वेगवेगळी हस्ताक्षरं होती. एखाद्या अनोळखी झाडाचं नाव शोधावं तसं सगळ्यांनी मिळून माझं वाक्य लावलं होतं आणि अर्थ लागल्यावर पुसून टाकलं होतं. मला त्यांचा राग आला नाही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त एकटं वाटलं. इतके दिवस बायको येणार आहे असं मानणारी सात माणसं तरी जगात होती.

रविवारी मी चौकातल्या एसटीडी बूथवरून सांगलीला फोन लावला. एरवी आमचं बोलणं म्हणजे गॅस आला का, फी भरली का. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. कॅसेट, भांडारपालांचा तो दारात उभा पाहुणा, चिठ्ठी, पेन्सिल. ती भांडारपालांच्या बोलण्यावर हसलीसुद्धा. मग तिने विचारलं, "तुम्ही काय लिहिलंत?"

मी सांगितलं.

"मी येणार नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिवाळीत तू सुपरवायझर झाल्याचं सांगितलंस. मी काय समजायचं ते समजलो."

"म्हणजे ऑफिसात लिहून दिलंत, पण मला विचारलं नाहीत."

"तुझी नोकरी आहे म्हणून..."

"नोकरी माझी आहे, ते मला ठाऊक आहे. तुम्ही विचारलंत का? अख्खं लखनौ विचारतं म्हणून दर पत्रात हौसेने लिहिता. तुम्ही स्वतः एकदा तरी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. आठवून पाहायची गरजच नव्हती. मी विचारायचं आणि तिने नाही म्हणायचं, हे मला सोसलं नसतं. म्हणून मी खोली झाडत राहिलो, आणि ती आपणहून येईल याची वाट पाहत तिच्यावरच रुसून बसलो. बूथच्या काचेबाहेर दोघंजण फोनसाठी ताटकळत उभे होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"मग आता विचारतो. येशील?"

लाइन तुटली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"आहे मी," ती म्हणाली. "आता नाही जमायचं. शाळेला शब्द दिलाय. पहिल्या वर्षी विचारलं असतंत तर आले असते. जूनभर मी सामान बांधून ठेवलं होतं."

तिने फोन मुलीकडे दिला. मुलीने विचारलं, "बाबा, तिकडे थंडी पडली का?" मी म्हणालो, पडली.