कंसातलं काढा

कोणी शंका काढली की लॅपटॉपचं झाकण दोन बोटांनी अर्धं खाली करायचं, खुर्चीत मागे रेलायचं आणि म्हणायचं, "कंपाइल व्हयनं ना? मंग बरोबर शे."

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं. आधी ते मला कळत नव्हतं, मग आवडेनासं झालं. आता त्याची चीड येते, आणि ती लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

माणूस कळसाडीचा. घरचा ऊस, शिक्षण आणि नोकरी पुण्यात. वडील आजारी पडले म्हणून गावी आला तो राहिला. शहाद्याला आमच्या महिला गटाचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, ते मी सांभाळते. तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यांवरच्या बायका कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात. ते व्यापाऱ्याकडे न जाता थेट गिऱ्हाइकाकडे जावं, एवढंच आमचं काम. त्यासाठी वेबसाइट हवी होती. हा स्वतःहून आला आणि फुकट करून देतो म्हणाला. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

वेबसाइट करून देणारे नंदुरबारला हवे तेवढे आहेत. तयार साचा घेतात, फोटो चिकटवतात, मोकळे होतात. याने निवडली हास्केल, प्रोग्रॅम लिहायची एक भाषा. नावही मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ही भाषा आपल्या जिल्ह्यात कोणाला येते?" मी विचारलं.

"माले येस," तो म्हणाला.

मला त्यात धोका दिसला, त्याला अभिमान.

पद्धत अशी होती. प्रत्येक बाईची एक छोटी फाइल: नाव, पाडा, किती पोती, आंब्याबद्दल दोन ओळी, फोटो. प्रोग्रॅम चालवला की सगळ्या फाइली वाचून तो सगळी पानं नव्याने तयार करायचा. पाड्याच्या जागी पाडाच हवा, तारखेच्या जागी तारीखच. जरा इकडचं तिकडे झालं की पडद्यावर लाल ओळी. एकही लाल ओळ आली नाही की त्याच्या भाषेत ते कंपाइल झालं. एकदा एका बाईने माल कधी तयार होईल ते सांगितलं, "पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी." मी तसंच टाइप केलं. पंधरा लाल ओळी आल्या.

"ताई, बाजार म्हणजे तारीख नही."

"अहो भाऊ, तिथे सगळ्यांना कळतं बाजार कधी ते."

"मशीनले कळत नही ना. तारीख टाका." आणि माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच ती मशीन, आणि तीही बिघडलेली.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. चहा घेऊन आलेल्या बाईलाही हा गणितातलं काहीतरी समजावून सांगायचा. ती मान हलवायची आणि आत येऊन मला विचारायची, "बरा शे ना हाऊ?"

आता चुकीकडे येते. माझ्या वहीत एका पाड्यावर तीन सुरज्या आहेत. तिघींचं आडनाव पावरा. वहीत मी लिहिलं होतं: सुरजी (हापशाजवळची), सुरजी (दुकानामागची), सुरजी (धाकटी). ती यादी त्याने पाहिली आणि नाक मुरडलं.

"कंसमातलं काढी टाका. नाव म्हणजे नाव."

"मग तिघी ओळखायच्या कशा?"

"प्रोग्रॅम पाही लेस सगळं. तुम्ही काळजी करू नका."

मी कंस काढले. माझ्या हाताने काढले. वर सगळी पानं तयार झाल्यावर किती बायका आल्या ते मोजायला बसले, तर म्हणतो, "ताई, मोजानं काम मशीनले करू द्या." वीस वर्षांत मी यादी ताडून पाहिल्याशिवाय एकही काम पुढे सरकवलेलं नाही. तेव्हा सरकवलं.

झालं असं, की त्याच्या प्रोग्रॅममध्ये नाव आणि पाडा मिळून एक बाई. तीच जोडी दुसऱ्यांदा आली की आधीची पुसायची आणि नवी ठेवायची. लाल ओळ नाही, काही नाही. साइटवर एकच सुरजी उरली, धाकटी. तिची पोती पुण्या-नाशिकला गेली. उरलेल्या दोघी घरात पोती बांधून आमच्या निरोपाची वाट बघत बसल्या. ऑर्डर आली की आम्ही निरोप देणार, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

ओल लागली की आमचूर काळं पडतं. आषाढात दुकानामागची सुरजी जीपने खाली उतरली आणि पोतं माझ्या टेबलाजवळ ठेवून उभी राहिली. तोंड सोडलं तर आत काळपट, चिकट गोळे. वास सगळ्या खोलीत पसरला.

ती भांडली नाही. तिने विचारलं, "बाय, आमचा माल वाईट होता का?"

सगळा हंगाम ती आणि हापशाजवळची सुरजी हेच धरून चालल्या होत्या.

मी त्याला तिथेच हाक मारली. त्याने लॅपटॉप उघडला, पाच मिनिटं पाहिलं, आणि म्हणाला, "तुमनी यादीम्हा चूक शे. एकच नाव तीनदा."

"चूक? आईबापांनी ठेवलेलं नाव चूक?" मी ओरडले. "कंस कोणी काढायला लावले?"

"मन्हा प्रोग्रॅम तर..."

"त्या प्रोग्रॅमला म्हणावं, हे पोतं खा!"

बाहेरच्या बाकावरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मला त्याची लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. सुरजी मात्र त्याच्याकडेच बघत होती. एवढं नीट केलेलं आमचूर वाईट ठरवणारा माणूस दिसतो कसा, ते बघत असावी.

त्याने हळूच तिला विचारलं, "तुले तठे काय म्हणतस? तिन्ही सुरज्या कशा वळखतस?"

दोन वर्षांत पाड्यावरच्या बाईला त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. ती म्हणाली, आंब्यावरून. दुसऱ्या दिवशी तो जीपने घाट चढून वर गेला. त्याआधी तो पाडा त्याने फक्त फाइलीत पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी आला तो चिखलाने भरलेला. बसला, काम केलं आणि पान मला दाखवलं. तीन सुरज्या, तीन आंबे. दुकानामागची आता दोन खोडांच्या आंब्याची सुरजी होती. फोटोत ती झाडाला हात लावून उभी, आणि खाली तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत: आंबा सासऱ्याने लावला, कैरी आंबट, साल पातळ. त्या साइटवरचं एवढं चांगलं पान दुसरं नव्हतं.

"विकायला काय आहे आता?" मी म्हणाले.

त्याने लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला आणि गेला. पुढच्या महिन्यात बेंगळुरूला नोकरी लागल्याचं कळलं. त्या साइटला हात लावणारं इथे कोणी नाही. नवी साइट नंदुरबारच्या एका मुलीने चार दिवसांत करून दिली. तिच्यात कंस चालतात.

दोन खोडांच्या आंब्याची सुरजी आता आम्हाला माल देत नाही. वाळलं की लगेच धडगावच्या व्यापाऱ्याला देऊन टाकते. मी दोनदा वर जाऊन आले. तिने चहा दिला, आमचूर नाही दिलं.

जुनं पान अजून तसंच आहे. त्यावर लिहिलंय, एक पोतं शिल्लक. दर वैशाखात कोणी ना कोणी ते वाचून तिचंच आमचूर मागतं. मी प्रत्येकाला उत्तर लिहिते की माल नाही. पान काढून टाक म्हणून त्याला फोन करावा, हे माझ्या कामांच्या यादीत तीन वर्षं आहे. नंबर समोर लिहिलेला आहे. दर महिन्याला यादी नवी करताना मी ते काम पुन्हा उतरवून घेते.