ठिपक्याच्या दिशेचा वारा

अमेरिकेत बेलव्ह्यूला आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. वय नव्वदीच्या घरात. वणवा लागला की त्याचा धूर कुठल्या गावांवर जाईल याचा अंदाज बांधणं हे माझं काम. ते कळल्यापासून त्यांचं माझ्याशी जमलं. तरुणपणी ते जहाजावर हवामान बघायचे, एवढंच मला ठाऊक होतं.

एका रविवारी दुपारी मी पोहे द्यायला गेले, तर त्यांनी टेबलावर एक पिवळा पडलेला नकाशा पसरला. पॅसिफिक महासागर, मधोमध एक फुली, आणि वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्यांचे पेन्सिलीने काढलेले बाण.

"इथे मोठा जाळ होणार आहे," फुलीवर बोट ठेवून ते म्हणाले. "राख खूप उंच जाईल. उद्या सकाळी करायचं, की थांबायचं?"

त्यांना विरंगुळा हवा असेल, असं मला वाटलं. मी एकेक बाण जोडत गेले. राख उत्तरेला, मोकळ्या समुद्रावर जात होती. पूर्वेला एक बारीक ठिपका होता. एका थरातला वारा तिकडे झुकत होता, पण जरासाच.

"करायला हरकत नाही," मी म्हणाले. "रिस्क कमी आहे."

त्यांनी बोट फुलीवरून त्या ठिपक्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "मीही हेच लिहून दिलं होतं."

तो अणुचाचणीचा नकाशा होता. जहाजं कधीची तयार होती, सगळे खोळंबले होते, आणि थांबा म्हणण्याइतकं ठोस कारण कोणाकडेच नव्हतं. पहाटे वारा फिरला.

"त्या ठिपक्यावर माणसं होती?"

"होती. मला माहीत होतं. राख पडली तेव्हा मुलं तिच्यात खेळली म्हणे."

"मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू थांबा म्हणाली असतीस. सगळे तेच म्हणतात."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, डेटाच तेवढा होता यार. तू काय करणार?" खरंच होतं ते. पण तिथे कोण राहतं, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. नंतर कितीतरी दिवस गाडी चालवताना, भाजी चिरताना मी मनात ते बाण पुन्हा जोडायचे. उत्तर तेच यायचं.

हिवाळ्यात ते गेले. भाची येऊन घर रिकामं करून गेली. नकाशाचं काय झालं, हे तिला विचारायचं माझं धाडस झालं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये डोंगरात वणवा लागला. धूर उत्तरेला जाणार होता. पूर्वेला एक छोटं गाव होतं, तिकडे जायची शक्यता अगदी थोडी. मी ते गाव इशाऱ्यात घातलं. बॉसने कारण विचारलं.

"वारा फिरू शकतो," मी म्हणाले.

वारा फिरला नाही. गावाने वर्षाची जत्रा उगाच कॅन्सल केली होती. लोकांचे चिडलेले मेल आले. मी एकेक उघडून शेवटपर्यंत वाचला, आणि प्रत्येकाला उत्तर लिहिलं.