सणाच्या दुसऱ्या दिवसाची सुट्टी

तेलंगणात गुडीहत्नूरजवळ हायवेला लागून असलेल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी मनुष्यबळ अधिकारी म्हणून लागले, तेव्हा आईने विचारलं, "म्हंजे तू तिथं करते तरी काय?"

"माणसांचं पाहते," मी म्हटलं.

"माणसं आपलं आपलं पाहत नाई का?"

इचोड्याच्या आमच्या किराणा दुकानात दोन पिढ्यांत असं पद कुणाला सुचलं नव्हतं. मी विषय सोडून दिला.

जिनिंगचे मालक वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मला 'तू' म्हणत. त्यांना हैदराबादच्या चर्चासत्रांचा नाद होता. तिथून परत आले की मला बोलावून म्हणत, "आपल्याकडंबी काहीतरी नवीन पाह्यजे." एकदा त्यांनी प्रत्येक कामगाराचा वाढदिवस केक कापून करायचं ठरवलं. मी आधार कार्डं काढून दाखवली. अर्ध्याअधिक लोकांची जन्मतारीख एक जानेवारी. शाळेत घालताना मास्तरांनी जी लिहिली तीच. मालकांनी एक जानेवारीला मोठा केक आणला, रुईचे तंतू उडून त्याच्यावर बसले, आणि कुणी तो खाल्ला नाही. नंतर सूचना पेटी आली. तिच्यात गुटख्याच्या पुड्या निघाल्या.

मग मीच एक धोरण मांडलं. आमच्याकडे सीमेवरच्या गावांतल्या मराठी बायका कापसातला कचरा वेचायला होत्या, गाठी बांधायच्या प्रेसवर बिहारी पोरं, लोडिंगला गोंड आणि तेलुगू माणसं. सुट्ट्यांची यादी मात्र एकच, ऑफिसने ठरवलेली. ज्याचा सण यादीत नाही तो न सांगता गैरहजर राही आणि मग हजेरीवरून भांडण होई. मी म्हटलं, ठरलेल्या सुट्ट्यांतल्या दोन कमी करा आणि त्यांच्या बदल्यात ज्याने त्याने आपापल्या सणाच्या दोन सुट्ट्या धराव्यात.

"सगळ्यांनी एकाच दिवशी धरली तर?" मालकांनी विचारलं. मेस्त्री, म्हणजे आमचे जुने सुपरवायझर, बाजूला उभे होते. त्यांनी नकाराची मान हलवली. ते माझ्या प्रत्येक कल्पनेला अशीच मान हलवत. सगळ्यांचा सण एका दिवशी असता तर यादीवरून भांडणच झालं नसतं, हे मी तीनदा समजावलं. शेवटी मालक हो म्हणाले. मी तीन भाषांत सगळ्यांना सांगितलं. छटपूजेला प्रेसवरची पोरं आधी कळवून गेली आणि सांगितलेल्या दिवशी परत आली. मला वाटलं, जमलं.

संक्रांतीच्या आधी कचरा वेचणारी एक बाई माझ्याकडे आली. तिशीची असेल, बोलणं मोजकं. म्हणाली, "मले संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी पाह्यजे."

"संक्रांतीच्या दिवशी का नाही?"

"सणाच्या दिवशी घरी राहून काय करू, म्याडम? घरी इथच्याहून जास्ती काम."

तिच्यामागून बाकीच्या बायकाही तेच मागायला आल्या. मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, "सणाच्या दुसऱ्या दिवशी कोनता सण असते? पॉलिसी तूच लिहिली. त्यात सण लिहिलं हाये."

"मग सण हा शब्द काढून टाकू. दिवस त्यांचा, कारण विचारायचं नाही."

"कारण नाई विचारलं तर मालक कायचा मी?"

यावर आमचे कित्येक दिवस गेले. मी सकाळी पटवावं आणि संध्याकाळपर्यंत मेस्त्रींनी ते पुसून टाकावं. अखेर एका दिवसाचं कारण सांगायचं आणि एका दिवसाचं नाही, अशी तडजोड झाली. बाजारातल्या वांग्यांसारखी घासाघीस करून मिळवलेलं हे धोरण मालकांनी पुढच्या चर्चासत्रात स्वतःची कल्पना म्हणून सांगितलं आणि एक शाल घेऊन आले.

त्या बाईने संक्रांतीनंतरचा दिवस बिनकारणाची सुट्टी म्हणून घेतला. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, आराम झाला का? ती म्हणाली, "घरी दिसली का सासू कापूस वेचाले धाडते. तिकडंच गेला दिवस."

मी कपाळावर हात मारला.

पुढच्या हंगामात तिने शहाणपण केलं. सुट्टी घेतली, पण घरी सांगितलं नाही. रोजच्यासारखा डबा घेऊन रोजच्या ऑटोत बसली, गुडीहत्नूरला उतरून बस धरली आणि निर्मलला बहिणीकडे गेली. आणि नेमका त्याच दिवशी तिचा दीर कापसाची गाडी घेऊन आमच्याच जिनिंगला आला. गाडी रिकामी होईपर्यंत वहिनीला भेटावं म्हणून आत डोकावला. ती दिसेना, तेव्हा माझ्या टेबलाशी आला.

"आमची वैनी कुठं हाये?"

"कामगारांची माहिती आम्ही बाहेर देत नाही," मी म्हटलं.

"मी बाहेरचा हाये का? घरचा मानूस हावो मी. आज कामावर आली का नाई, तेवढं सांगा."

"तेही सांगता येत नाही. नियम आहे."

त्याचा आवाज चढला. मालक बाहेर आले. त्यांनी त्याला चहा पाजून कसंबसं वाटेला लावलं आणि मला आत बोलावलं. "काऊन हे लचांड लावून घेतलं? आतापासून बाईनं सुट्टी घेतली का तिच्या घरी फोन करत जा."

"तुम्ही हैदराबादला जाता तेव्हा तुमच्या घरी कोणी फोन करून विचारतं का, खरंच चर्चासत्र आहे का म्हणून?"

त्यांनी फोनची गोष्ट पुन्हा काढली नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली ती थेट माझ्याकडे. घरी रात्रभर बोलणी खाल्ली होती. दाढ दुखत होती म्हणून निर्मलला दाखवायला गेले, असं सांगून तिने कसंतरी निभावलं होतं. मला वाटलं, मी तोंड उघडलं नाही म्हणून ती आभार मानेल.

"'ती आत हाये' म्हनून तुमी काऊन नाई सांगतलं?"

"खोटं कसं सांगणार?"

"नाई सांगता येत म्हनलं का मानसाले समजतेच ना काहीतरी. मंग तुमची पॉलिसी काय कामाची?"

ती पदर खोचून कामाला निघून गेली. मी दिवसभर धुसफुसत होते. मालकांवर, मेस्त्रींवर, दिरावर, आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही. एवढं भांडून मिळवलेला दिवस, आणि त्याच्या राखणीला एक साधं खोटंसुद्धा माझ्याकडून झालं नव्हतं.

संध्याकाळी मी नवा नियम लिहिला. शिफ्ट चालू असताना कुठल्याही कामगाराला गेटवर बोलावलं जाणार नाही आणि बाहेरच्या माणसाला आत सोडलं जाणार नाही. निरोप असेल तर गेटवर द्यावा, तो कामगाराला फोनवर कळवला जाईल. म्हणजे कोण आत आहे आणि कोण नाही, हे गेटवरून कुणालाच कळणार नव्हतं. खोटं बोलायची गरज उरणार नव्हती.

मालकांनी कागद घेतला. लोकांचा कामातला वेळ वाचणार, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं. "हे चांगलं सुचलं तुले," म्हणाले आणि उभ्या उभ्या सही केली. मेस्त्रींनी पहिल्यांदाच होकाराची मान हलवली. मला आनंद व्हायला हवा होता. पण एका बाईचा एक दिवस राखायला मी सगळ्यांनाच शिफ्टभर गेटाआड कोंडलं होतं, आणि घरी जाताना इचोड्यापर्यंत माझे ओठ आवळलेलेच होते.