जनता आली

दांडिया बाजारामागच्या आमच्या सोसायटीतल्या राजेश्वरीताईंनी तीस वर्षं सयाजीगंजात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, पुस्तकं जागच्या जागी लावली. शिक्षण जेमतेम मॅट्रिक. पण कुठला शब्द कुठल्या पुस्तकात सापडेल हे त्यांनाच विचारावं, प्राध्यापकांना नव्हे.

गेल्या महिन्यात सेक्रेटरी समरजितनं लिफ्टवर कागद चिकटवला: कामवाल्यांनी जिना वापरावा. चौथ्या मजल्यावर पोळ्या करणाऱ्या नलिनीचे गुडघे आधीच कामातून गेलेले. रोज जिना म्हटल्यावर तिचं काम सुटणार हे उघड होतं. ग्रुपवर कोणी कुरकुरलं, तर समरजितचं उत्तर आलं, प्लेब्ससाठी, म्हणजे हलक्या लोकांसाठी, जिनाच बरा. वर हसरा चेहरा! मी घरात बसून त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मी पडलो बोलका सुधारक, आणखी काय करणार?

ताईंनी शिवी दिली नाही. रिक्षा करून ग्रंथालयात गेल्या आणि लॅटिनचा कोश उघडून 'प्लेब्स' शोधत बसल्या.

रविवारी खाली पार्किंगमध्ये मीटिंग भरली. कोपऱ्यात नलिनी निकालाची वाट बघत उभी होती. ताई उठल्या.

"समरजित, तुझं व्याकरण चुकलं रे. शेवटचा 'स' बघून तुला इंग्रजीसारखं अनेकवचन वाटलं. लॅटिनमध्ये प्लेब्स म्हणजे सामान्य जनता, आणि शब्द एकवचनी. आपल्या 'जनता'सारखाच, स्त्रीलिंगीसुद्धा. मूळ 'भरणे' असं मानतात, म्हणजे आपल्या 'पूर्ण'चं लांबचं भावंड. त्यातून एकटी नलिनी वेगळी काढता येत नाही. ती जिन्यानं, तर मीही जिन्यानं."

आणि एकाहत्तराव्या वर्षी बाई खरंच नलिनीचा हात धरून जिन्याकडे निघाल्या. मग समरजितच्या आई, चिमणाबाई, खुर्चीला रेटा देत उठल्या. गुडघे त्यांचेही गेलेले.

"स्त्रीलिंगी आहे ना? मग मीही त्यातलीच."

समरजित गुजरातीत 'बेस ने, आई', बस ना, म्हणत मागे धावला. चिमणाबाई दुसऱ्याच पायरीवर कठडा धरून थांबल्या, तेव्हा मात्र पोराचा चेहरा पडला. त्यानं स्वतःच्या हातानं कागद काढला आणि लिफ्टचं दार धरून उभा राहिला. आधी नलिनी आत गेली. ताईंचे पाय धरावेत असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू?

आता रोज सकाळी नलिनी लिफ्टनं वर येते, कामाला जाण्याआधी ताईंची बेल वाजवते आणि म्हणते, "जनता आली." येते एकटीच, पण क्रियापद बरोबर बसतं.