टायपिंगच्या मॅडम आणि भिंतीकडं बघणारा खेळाडू

"थांबव. मागं घे. परत लाव."

टायपिंगच्या मॅडम हे तीन हुकूम एका दमात द्यायच्या. मग चष्मा कपाळावर सरकवून मोबाइलच्या स्क्रीनवर इतक्या वाकायच्या, की आम्हाला त्यांचा अंबाडाच तेवढा दिसायचा. उजव्या हातात शिसपेन्सिल. तिचं टोक काचेला कधी टेकायचं नाही. ते बोटभर वर तरंगत राहायचं आणि गेममधल्या बंदुकीचं निशाण जिकडं जाईल तिकडं जायचं. शेजारी आम्ही तीन-चार तिशीतले बाप्ये गप्प उभे. निकाल एवढाच लागायचा असायचा, की अमका खेळाडू खरा की खोटा.

तुम्ही असले गेम खेळत नसाल तर थोडं सांगायला हवं. मोबाइलवर बंदुकांची लढाई असते. समोरच्यानं आपल्याला टिपायच्या आत आपण त्याला टिपायचं. आता काही जण मोबाइलमध्ये एक चोरटा प्रोग्राम टाकतात. त्यानं कुणाला भिंतीपलीकडचा माणूस दिसतो, कुणाचं निशाण आपोआप दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. ह्याला सगळे 'हॅक' म्हणतात. पंचाईत अशी, की फार चांगला खेळणारा आणि हॅक लावणारा हे दोघे लांबून सारखेच दिसतात. आणि हरलेल्याला तर जिंकलेला प्रत्येक जण हॅकरच वाटतो.

गेवराईत बसस्टँडमागच्या गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जिल्ह्यातल्या खेळाडूंच्या ऑनलाइन स्पर्धा मी भरवायचो. परळी, माजलगाव, आष्टी, कुठून कुठून नावं यायची. निकालावरून भांडणंही व्हायची. वरच्या मजल्यावर मॅडमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. एकदा दुपारी माझ्या दुकानात दोन टीम एकमेकांच्या अंगावर गेल्या, तेव्हा मॅडम जिना उतरून खाली आल्या. वर परीक्षेची तयारी चालली होती, तुमच्या आवाजानं पोरींच्या चुका वाढल्या, असं म्हणाल्या. मी हात जोडले आणि भांडण काय आहे ते सांगितलं. त्या परत जातील असं मला वाटलं. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "दाखव बरं."

सामन्याचं रेकॉर्डिंग त्यांनी उभ्यानंच पाहिलं. मग विचारलं, "हा माणूस इथं काऊन बघतोय? इथं तर निस्ती भिंत हाय."

आम्ही ते रेकॉर्डिंग किती वेळा पाहिलं होतं. पण आम्ही तो गोळी मारतो कशी तेवढंच पाहत होतो. मॅडमनी तो गोळी मारत नसताना काय करतो ते पाहिलं. भिंतीपलीकडून शत्रू चालला होता आणि ह्याचं निशाण भिंतीवरून त्याच्याच चालीनं सरकत होतं. "मारताना सगळेच नीट बघतात," त्या म्हणाल्या. "काम नसतं तवा माणूस कुठं बघतो, ते बघावं." त्या खेळाडूनं दुसऱ्याच दिवशी कबूल केलं.

त्या दिवसापासून त्या आमच्या पंच झाल्या. कुणी नेमलं नव्हतं. मीच रेकॉर्डिंग घेऊन जिना चढायला लागलो. दुपारी एकला बॅच सुटली की दोनच्या बॅचपर्यंत त्या मोकळ्या असायच्या. त्यांनी त्यासाठी एक वही केली होती. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं 'दिसलं', उजवीकडं 'वाटलं'. निकाल फक्त डाव्या बाजूवरून द्यायचा, हा त्यांचा नियम. मला त्या 'दुकानदार' म्हणायच्या. मी काही सांगायला लागलो की पेन्सिल उचलून विचारायच्या, "दुकानदार, हे दिसलं का वाटलं?"

त्यांना चुकांचं फार कुतूहल. तीस वर्षं टायपिंग शिकवताना त्यांनी लोकांच्या चुकाच वाचल्या होत्या. नाव झाकून कागद दिला तरी कोणत्या पोरीनं टाइप केलाय ते त्या सांगायच्या. एकीचा 'ठ' कायम हुकायचा, दुसरी ओळ संपताना घाई करायची. त्यांचं म्हणणं, खऱ्या हाताची चूक ठरलेली असते. ज्याला स्वतःची अशी चूकच नाही, त्याच्याकडं जरा थांबून बघावं. म्हणून त्या खेळाडूचे जिंकलेले सामने बाजूला ठेवायच्या आणि हरलेले आधी मागायच्या.

आता 'सरकी'ची गोष्ट.

सरकी हे गेममधलं नाव. खेळाडू चकलांब्याचा, नोंदणीत एका माणसाचं नाव आणि फोन नंबर. एकेकट्यांच्या स्पर्धेत ह्या सरकीनं सगळ्यांना धूळ चारली. मग स्पर्धेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओरड सुरू झाली. मी रेकॉर्डिंग वर नेलं. पाहतो तर तेच: शत्रू भिंतीआड असतानाच सरकीचं निशाण त्या भिंतीवर जाऊन थांबलेलं. एकदा नाही, सात-आठ वेळा. शंका आली की खेळाडूनं खेळतानाच्या हातांचा व्हिडिओ दुसऱ्या मोबाइलवर काढून पाठवायचा, असा आमचा नियम होता. तो मागितला. फोनवरच्या माणसानं सांगितलं, हात दाखवणार नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "न्हाई म्हंजे न्हाई."

मॅडमनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सरकीला खोटं ठरवलं. मी ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दिले आणि विषय संपला.

मॅडमसाठी तो संपला नव्हता. आठवड्याभरानं मी वर गेलो तर त्या वही उघडी ठेवून बसल्या होत्या. 'दिसलं'च्या बाजूला लिहिलं होतं: भिंतीवर थांबतो. त्याच्याखाली: थांबायच्या आधी थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं, मग परत. आणि 'वाटलं'च्या बाजूला: हात दाखवत नाही म्हणजे लपवतोय. त्यांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, की मी निकाल ह्या बाजूवरून दिला.

मी म्हटलं, पण भिंतीकडं बघतो हे तर दिसलंच ना. त्यांनी विचारलं, ज्याला भिंतीपलीकडचं दिसतंय तो आधी इकडंतिकडं शोधंल कशाला? मग त्यांनी मला विचारलं, ह्या गेमला आवाज असतो का.

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, की मॅडम आजवर प्रत्येक रेकॉर्डिंग मुकंच पाहत आल्या होत्या. वर कुणी ना कुणी सराव करत असायचं म्हणून मी आवाज बंद करूनच मोबाइल द्यायचो. गेममध्ये पावलं वाजतात, भिंतीपलीकडून कुणी चाललं तर कोणत्या बाजूनं चाललंय ते इअरफोनमध्ये कळतं, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खाली जाऊन इअरफोन आणले. त्यांनी दोन्ही कानांत घातले, पाहायला लागल्या आणि पावलं ऐकून दचकल्या. तेवढ्यात एका विद्यार्थिनीनं काही विचारलं, म्हणून डाव्या कानातलं काढून त्या तिच्याशी बोलल्या. परत स्क्रीनकडं वळल्या त्या एकाच कानानं. आणि मग तोच तुकडा दोन-तीनदा मागं घेऊन ऐकला.

शेवटी त्यांनी ते एक इअरफोन माझ्या उजव्या कानात दिलं. मीही ऐकलं. सरकी डावीकडं वळला की पावलं मोठी व्हायची, उजवीकडं वळला की बारीक. दोन्ही कानांनी ऐकणाऱ्याला बाजू लगेच कळते. एकाच कानानं ऐकणाऱ्याला मात्र निशाण इकडंतिकडं फिरवून ती शोधावी लागते. सरकी तेच करत होता.

"ह्याला एकच कान हाय," मॅडम म्हणाल्या. "चकलांब्याला जायचं. गाडी काढ."

उमापूरवरून आम्ही चकलांब्याला पोचलो तेव्हा चार वाजले असतील. सरकीच्या नावानं फोन उचलणारा माणूस गावात दूध संकलन करायचा. त्यानं आम्हाला घरी नेलं खरं, पण खुर्ची देताना तोंड फिरवूनच दिली. त्याचं कारण थोड्याच वेळात कळलं. आमचा निकाल गावातल्या पोरांनी वाचला होता. डेअरीवर लोक त्याला 'हॅकर' म्हणायला लागले होते. आधी चेष्टा होती. मग कुणीतरी म्हणालं, की ह्याच्या फॅट मोजायच्या मशीनलापण हॅक असंल. मग चार-पाच घरांनी त्याच्याकडं दूध घालणंच बंद केलं. आम्ही गेवराईत अंगठे दिले होते, त्याचं इथं हे झालं होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तुमाला कोणत्या कानानं ऐकू येत न्हाई?"

तो गडबडला. म्हणाला, मला तर दोन्हीनं येतं. आणि आतल्या दाराकडं बघितलं. दारात त्याची बायको उभी होती. बावीस-तेवीसची, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. ती पुढं आली आणि म्हणाली, "डावा. लहानपणी फुटला व्हता."

खेळायची ती. माहेरी भावाबरोबर शिकलेली. दुपारी सासू शेतात गेली की खेळायची. नवऱ्याला ठाऊक होतं, त्याला तिचं कौतुकही होतं. नोंदणीला नाव-नंबर त्यानंच स्वतःचा दिला होता. हाताचा व्हिडिओ पाठवला असता तर बांगड्या दिसल्या असत्या, आणि चकलांब्यात कळायला वेळ लागला नसता. म्हणून ह्या माणसानं तोंडावर 'हॅकर' ऐकून घेतलं आणि बायकोचं नाव काढलं नाही.

"पोरी, माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. "मी बघितलं, पण ऐकलं न्हाई."

तिनं राग दाखवला नाही. उलट तिच्या डोळ्यांत कुतूहलच होतं. तिनं विचारलं, तुम्हाला कळलं कसं. मॅडमनी इअरफोनचं सांगितलं. तिनं विचारलं, "तुमच्या कोणत्या कानात व्हतं?" मॅडम म्हणाल्या, उजव्या. "माझा बी उजवाच," ती म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या, की मी आणि तिचा नवरा उगाच छताकडं बघत बसलो. मग ती हळूच म्हणाली, नाव साफ करा, पण माझं सांगू नका.

संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. मॅडम त्याच्याबरोबर डेअरीवर गेल्या. किटल्या घेऊन लोक रांगेत उभे होते. मॅडम मशीनशेजारी उभ्या राहिल्या आणि वर्गात सांगतात तशा आवाजात म्हणाल्या, "ह्यांना खोटं मी ठरवलं व्हतं. चूक माझी हाय, ह्यांची न्हाई." कुणीतरी विचारलं, तुम्ही कोण. त्या म्हणाल्या, टायपिंग शिकवते. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, मंग हे मशीन खरं हाय का तेबी बघून जाता का. मॅडमनी खरंच वाकून मशीन पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यातलं मला काही कळत न्हाई. कळत न्हाई त्याला मी खोटं म्हणणार न्हाई." म्हातारा हसला आणि किटली पुढं केली.

गेवराईत एवढं सोपं गेलं नाही. मॅडमनी ग्रुपवर माझ्याकडून तीन ओळी टाकून घेतल्या: सरकी खरा आहे, चूक पंचाची आहे, खेळाडूची माफी मागते. लगेच पुरावा मागितला गेला. मॅडमनी कानाचं सांगितलं. लोकांना ते पटेना. हाताचा व्हिडिओ दाखवा म्हणाले. मॅडम म्हणाल्या, हात मी पाहिलेत. मग मात्र लोक नको ते बोलले. म्हातारपणी बाई फिरली, असंही कुणी लिहिलं. तीन टीमनी ह्यापुढं त्यांचा निकाल मानणार नाही असं कळवलं. मी चिडून लिहायला बसलो होतो, की खेळणारी कोण आहे ते सांगून एकदाचं मोकळं व्हावं. मॅडमनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

पंचाचं काम पुढं तसं कमीच झालं. जी रेकॉर्डिंगं यायची ती त्या आधी डोळे मिटून ऐकायच्या, मग पाहायच्या. अडलं की चकलांब्याला फोन लावायच्या. काम पाच मिनिटांचं आणि गप्पा अर्ध्या तासाच्या. सरकी पुढच्या स्पर्धेत दुसरी आली. मॅडमनी हरलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं आणि तिची ठरलेली चूक कोणती ते तिला फोनवर सांगितलं. ती काय, हे मला दोघींनीही सांगितलं नाही.

मग मॅडमचे गुडघे बोलायला लागले, जिना होईना. त्यांनी इन्स्टिट्यूट बंद केली आणि मुलीकडं नाशिकला राहायला गेल्या. त्यानंतर वर्षही झालं नाही, आणि मुलीचा फोन आला, की मॅडम गेल्या. मी चकलांब्याला कळवलं. तिनं कधी, कसं ते विचारलं. मग म्हणाली, की परवाच बोलणं झालं होतं.

मला त्या आठवतात त्या गेवराई सोडली त्या दिवशीच्या. मी त्यांना एसटीत बसवून द्यायला गेलो होतो. गाडी सुटायला वेळ होता. मॅडमनी विचारलं, हे खेळायला कसं वाटतं रे. इतकी वर्षं त्यांच्या हातात एकदा तरी गेम द्यावा हे मला सुचलंच नव्हतं. मी सामना सुरू करून मोबाइल दिला. त्यांनी दोन्ही अंगठे काचेवर ठेवले. बंदूक आधी आभाळाकडं गेली, मग जमिनीकडं. त्या गोल गोल फिरत राहिल्या. मिनिटभरात स्क्रीन लाल झाली.

"काय झालं?"

"मेलात तुमी, मॅडम."

"कुणी मारलं? मला तर कोणी दिसलं न्हाई."

"मागून आला व्हता," मी म्हणालो.

आणि मॅडमनी सीटवर बसल्या बसल्या खरोखरच मान वळवून मागं पाहिलं.