बेपत्ता म्हणजे मेला नव्हे

दहावीला दुसऱ्या महायुद्धाची कारणं हमखास यायची. मी ती मोठ्यानं घोकायचे आणि मोठी आजी भाजी निवडता निवडता मला मध्येच अडवायची.

"जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला," मी म्हणायचे.

"भांडण त्यांचं. मग आमचा माणूस ब्रह्मदेशात कशाला नेला?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मी वैतागायचे. "अगं, पाठ करू दे ना मला!"

मोठी आजी म्हणजे माझ्या वडिलांची चुलती. वडिलांची आई लवकर गेली, त्यांना हिनंच वाढवलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत हिचा नवरा पलटणीत गेला. गावच्या एका माणसाबरोबर त्यानं निरोप धाडला होता: कल्याणच्या कॅम्पात आहे, इथून पुढं बोटीनं नेणार. त्यानंतर सरकारनं कळवलं ते एवढंच, की बेपत्ता. "बेपत्ता म्हणजे मेला नव्हे," असं ती ठणकावून सांगायची. छप्पन्नला सगळ्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा देव्हारा तिनंच हलवला. कुंकू मात्र पुसलं नाही.

तो कॅम्प म्हणजेच आमचं उल्हासनगर. लढाई संपली, सैनिक गेले, फाळणी झाली आणि त्या बराकींत सिंधी निर्वासित आले. वडिलांना अंबरनाथला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा क्वार्टर मिळत होतं. पण आजी हटून बसली. तो जिथून गेला तिथंच आधी परत येईल ना! म्हणून कॅम्प एकमध्ये एका सिंधी अम्माची बराकीतली खोली भाड्यानं घेतली. मधली भिंत छतापर्यंत नव्हती. अम्मानं कांदा चिरला तरी आमच्या डोळ्यांत पाणी, आणि आमची भांडणं त्यांना फुकटात.

माझी परीक्षा झाली आणि बराक पाडून बिल्डिंग बांधायचं ठरलं. वडिलांनी बदलापूरला, बेलवलीत, दोन खोल्या घेतल्या. टेम्पो दाराशी आला आणि आजीनं उंबऱ्यातच फतकल मारली.

"तुम्ही जा. मी इथंच राहते."

"मोठी आई, भिंती पाडणार आहेत गं," वडील रडकुंडीला आले. मला तर असा संताप आला! एका न येणाऱ्या माणसापायी आम्ही सगळे उन्हाळे त्या बराकीत भाजून काढले होते.

शेवटी अम्मा आली. ती स्वतः सिंधमधल्या घराला कुलूप लावून निघालेली, थोड्या दिवसांत परतू म्हणून. आजीजवळ खाली बसून म्हणाली, "बिल्डिंग बनने तक मैं तो पीछेवाली गली में ही रहूँगी. कोई आया तो बेलवली भेज दूँगी." आजीनं तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, मगच उठली.

बेलवलीत तेव्हा आमच्या बिल्डिंगभोवती नुसती भातखाचरं. पत्ता विचारायचा तर माणूस सापडेना. आजी रोज गॅलरीत बसून रस्ता बघायची. एका सकाळी चहा पिता पिता वडिलांना म्हणाली, "कुणाकुणाला विचारत यायचा तो इथवर? माझ्याहून मोठा होता. आता त्याच्यानं नाही व्हायचं. त्याचं पुण्यानुमोदन करून टाक."

वडिलांनी कप खाली ठेवला आणि गेलेल्या माणसाच्या नावानं करायच्या त्या विधीचं सांगायला ते विहारात गेले.

भन्तेजी आले, नातेवाईक जमले. गेलेल्या माणसाचा फोटो बुद्धमूर्तीजवळ ठेवतात, तो आमच्याकडे नव्हताच. दिसायला कसे होते, भन्तेजींनी सहज विचारलं. सगळे आजीकडे बघायला लागले.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "नवी सून मी. सासूसासऱ्यांपुढं मान वर करायची सोय होती का? पाय तेवढे बघितलेत त्याचे. दारात आला असता तर पायांवरूनच ओळखला असता."

मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "म्हातारपणी पाय बदलतात का गं?"

 मी तिथंच हुंदके देऊन रडायला लागले.